लिनक्सच्या घरचा वाजंत्री

संगणकावरील एखाद्या गाण्याच्या फाइलीवर दोनदां टिचकी मारली कीं गाणें सुरू होतें. ही गोष्ट आतां इतकी नित्याची झाली आहे कीं, तें गाणें कोणत्या प्रोग्रॅमनें लावलें आणि नेमका तोच प्रोग्रॅम कां पुढें आला, असा प्रश्न सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. वास्तविक संगणकाच्या धन्यानें हा प्रोग्रॅम निवडलेला नसतो. दुसऱ्या कोणीं तरी तो त्याच्यासाठीं आगाऊ निवडून ठेवलेला असतो. अशा आगाऊ निवडीस इंग्रजींत डीफॉल्ट म्हणतात. मराठींत तीस ठरीव म्हणावयास हरकत नाहीं. खाणावळींत ताट वाढून पुढें आलें म्हणजे बहुतेक मंडळी जें वाढलें असेल तें जेवतात. दुसरी भाजी मागून घेणारा विरळा. संगणकाचेंहि तसेंच आहे. ठरीव प्रोग्रॅम बदलण्याची मोकळीक प्रत्येकास असते, पण ती घेणारे थोडे. त्यामुळें निवड करणाऱ्याच्या हातीं, त्याला हवी असो वा नसो, मोठीच सत्ता येते. लिनक्स या प्रणालीवर ही सत्ता कशी चालते, तिच्यावरून केवढे तंटे माजले, आणि घरीं बसून गाणीं ऐकणाऱ्या माणसाचा त्यांत संबंध कोठें येतो, हें एका साध्या म्युझिक प्लेअरच्या उदाहरणावरून फार चांगलें समजतें.

लिनक्स हा मूळचा संगणकाचा केवळ गाभा. १९९१ सालीं हेलसिंकी विद्यापीठांत शिकत असलेल्या लिनस टोरवाल्ड्स यानें तो लिहावयास घेतला आणि सर्वांस खुला केला. या गाभ्याभोंवतीं शेंकडों लहानमोठे प्रोग्रॅम बांधून जो तयार संच लोकांच्या हातीं दिला जातो, त्यास वितरण असें म्हणतात. डेबियन, फेडोरा, उबुंटू हीं अशींच वितरणें होत. मायक्रोसॉफ्ट किंवा ॲपल यांच्या संगणकांत प्रणालीहि त्यांची आणि तिच्याबरोबर येणारा प्लेअरहि त्यांचाच. तेथें निवडीचा प्रश्नच उद्भवत नाहीं. लिनक्सवर प्लेअर लिहिणारे लोक निराळे आणि वितरण बांधणारे निराळे. प्लेअर एकच नव्हे, तर डझनावारी आहेत. बहुतेक सगळे फुकट आहेत, सगळ्यांचा अंतर्भाग वाचावयास मोकळा आहे, आणि प्रत्येकाचे अभिमानी आहेत. त्यांतून एकास घरांत घ्यावयाचें आणि बाकीच्यांस दाराबाहेर ठेवावयाचें, हें काम वितरण बांधणाऱ्यास करावेंच लागतें.

निवड करण्यापूर्वीं प्लेअर करतो तरी काय, हें पाहणें अवश्य आहे. पहिलें काम उलगडण्याचें. गाण्याची फाइल म्हणजे आंकड्यांची दाबून बसविलेली गठडी असते. ती बांधण्याच्या पद्धती अनेक, एमपी-थ्री, ऑग व्हॉर्बिस, फ्लॅक इत्यादि. ही गठडी सोडून तींतून पुन्हां आवाजाची लाट तयार करावयाची असते. गंमत अशी कीं, लिनक्सवरील पुष्कळ प्लेअर हें काम स्वतः करीतच नाहींत. जीस्ट्रीमर नांवाचें एक सामाईक यंत्र पडद्याआड बसलेलें असतें, आणि नळाला नळ जोडावा त्याप्रमाणें त्याचे भाग एकमेकांस जोडून त्यांतून आवाज काढला जातो. ज्या दोन प्लेअरांची कथा पुढें यावयाची आहे, ते दोन्ही याच यंत्रावर चालणारे. म्हणून एकाच संगणकावर अमक्या प्लेअरचा आवाज गोड आणि तमक्याचा रुक्ष, असें जेव्हां कोणी छातीठोकपणें सांगतो, तेव्हां त्यानें आवाज कमीजास्त करणारी एखादी कळ चालू ठेवलेली नाहीं ना, एवढें आधीं पाहून घ्यावें.

दुसरें काम यादी ठेवण्याचें. घरांत पांच हजार गाणीं असलीं तर गायक, संग्रह, वर्ष अशा रकान्यांनुसार तीं शोधतां आलीं पाहिजेत. हें काम ग्रंथपालाचें आहे, आणि प्लेअराप्लेअरांतला खरा भेद येथेंच दिसतो. तिसरें काम आज्ञा ऐकण्याचें: पडद्याच्या वरच्या पट्टींतून किंवा कळफलकावरील कळ दाबून गाणें थांबवितां यावें, पुढचें लावतां यावें. यासाठीं एम-प्रिस नांवाची एक सामाईक बोली ठरलेली आहे. जो प्लेअर ती बोलतो त्यास कोणत्याहि डेस्कटॉपवर काम करतां येतें. कांहीं प्लेअर यादीच्या भानगडींत पडत नाहींत. दिलेली फाइल वाजवून मोकळे होतात. संग्रह सांभाळणारा प्लेअर ठरीव करावा कीं नुसता वाजविणारा, हा वाद जुना असून अजून मिटलेला नाहीं.

आतां मुख्य कथा. उबुंटूचें पहिलें वितरण ऑक्टोबर २००४ मध्यें निघालें. दक्षिण आफ्रिकेंतील उद्योजक मार्क शटलवर्थ यांनीं स्थापन केलेली कॅनॉनिकल ही कंपनी त्याच्या पाठीशीं होती. सामान्य माणसास वापरतां येईल असें लिनक्स द्यावयाचें, आणि तें एका सीडींत बसवावयाचें, अशी प्रतिज्ञा होती. या सीड्या कंपनी मागेल त्यास जगाच्या पाठीवर कोठेंहि टपालानें फुकट धाडीत असे. हा क्रम २०११ पर्यंत चालला. सीडीची जागा ७०० मेगाबाइट. तेव्हां प्रत्येक कामासाठीं एकच प्रोग्रॅम घ्यावयाचा, असा दंडक पडला. डेबियनसारख्या जुन्या वितरणांत एकाच कामाचे चार प्रोग्रॅम मिळत, निवड ज्याची त्यानें करावी. उबुंटूनें ती निवड स्वतः केली, आणि त्याच्या लोकप्रियतेचें बरेचसें श्रेय या निवडीसच द्यावें लागेल. नवशिक्यास चार वाटा दाखविणें म्हणजे त्यास वाटेवरच उभें करून ठेवणें होय.

संगीतासाठीं जो प्लेअर निवडला गेला त्याचें नांव रिदमबॉक्स. ग्नोम या डेस्कटॉपच्या कुटुंबांतला, सी भाषेंत लिहिलेला, रूपानें ॲपलच्या आयट्यून्सवरून बेतलेला. डाव्या बाजूस संग्रहांची यादी, वर गायकांचे व संग्रहांचे रकाने, खालीं गाण्यांची लांबलचक पंगत. त्यांत डोळे दिपविणारें कांहीं नव्हतें, पण सांगितलेलें काम तो निमूटपणें करीत असे. अशा नोकरास शाबासकी क्वचित् मिळते. कांहीं वर्षांनीं घरांतील मंडळींना त्याचा कंटाळा येऊं लागला.

याच सुमारास दुसरा उमेदवार पुढें येत होता. ॲरन बोकोव्हर या तरुणानें २००५ सालीं लिहावयास घेतलेला हा प्लेअर बॅन्शी या नांवानें प्रसिद्ध झाला. त्यास नोव्हेल या मोठ्या अमेरिकन कंपनीचा आश्रय होता. बॅन्शी दिसावयास नीटस, गाण्यांबरोबर चित्रफितीहि दाखवी, आणि त्याच्या नव्या आवृत्त्या वेळच्या वेळीं निघत. मात्र तो लिहिलेला होता सी-शार्प या भाषेंत, आणि ही भाषा मायक्रोसॉफ्टनें निर्माण केलेली. लिनक्सवर ती चालावी म्हणून मिगेल दे इकाझा व त्यांचे सहकारी यांनीं २००१ पासून मोनो नांवाची एक मोठी यंत्रणा उभारली होती. त्यांची कंपनी नोव्हेलनें २००३ सालीं विकत घेतली. म्हणजे बॅन्शी घरांत घ्यावयाचा तर त्याच्याबरोबर मोनोचा सारा संसारहि घरांत घ्यावा लागे.

या संसारावरून कडाक्याचा वाद झाला. मुक्त प्रोग्रॅमांच्या चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांनीं जून २००९ मध्यें जाहीर इशारा दिला. मोनो लिहिण्यांत गैर कांहीं नाहीं, असें ते म्हणत. परंतु त्यावर अवलंबून असलेले प्रोग्रॅम ठरीव म्हणून घेण्यांत धोका आहे. मायक्रोसॉफ्टनें उद्यां आपले पेटंटचे हक्क पुढें केले तर मोनो बंद पडेल, आणि त्याच्या खांद्यावर बसलेले सगळे प्रोग्रॅम त्याच्याबरोबर खालीं येतील. उलट पक्ष म्हणे कीं, भाषा चांगली आहे, तीत काम लवकर होतें, मग तिच्या जन्मदात्याचें नांव पाहून नाक कां मुरडावें? दोन्ही बाजूंचे लोक प्रामाणिक होते. पण वादांत अनेकदां प्लेअर बाजूलाच राहिला आणि मायक्रोसॉफ्टविषयींचा जुना राग तेवढा बोलत राहिला, हेंहि खरें.

ऑक्टोबर २०१० मध्यें अमेरिकेंतील ऑर्लँडो येथें उबुंटूच्या कार्यकर्त्यांची बैठक भरली आणि पुढच्या वितरणांत रिदमबॉक्सऐवजीं बॅन्शी ठेवण्याचें ठरलें. त्याप्रमाणें २८ एप्रिल २०११ रोजीं निघालेल्या ११.०४ या वितरणांत बॅन्शी गादीवर बसला. पण त्या अगोदरच एक निराळा तंटा उपस्थित झाला होता, आणि तो पैशाचा होता.

बॅन्शीमध्यें ॲमेझॉनचें एक गाण्यांचें दुकान जोडलेलें होतें. त्या दुकानांतून कोणी गाणें विकत घेतलें म्हणजे ॲमेझॉन दलालीदाखल कांहीं रक्कम देई. ही रक्कम बॅन्शीचे लेखक स्वतः न घेतां सबंध ग्नोम प्रतिष्ठानास देत असत. हें प्रतिष्ठान ग्नोम डेस्कटॉपचें काम पाहणारी, नफा न करणारी संस्था आहे. इकडे कॅनॉनिकलचेंहि स्वतःचें दुकान होतें. उबुंटू वन या नांवाचें तें दुकान एप्रिल २०१० पासून रिदमबॉक्समध्यें बसविलेलें होतें आणि आतां तें बॅन्शींतहि यावयाचें होतें. एकाच ओट्यावर दोन दुकानें मांडलीं तर मालकाच्या दुकानाचा धंदा बसेल, हा विचार कंपनीच्या मनांत येणें स्वाभाविक होतें. फेब्रुवारी २०११ मध्यें तिनें बॅन्शीच्या लेखकांपुढें दोन पर्याय ठेवले: ॲमेझॉनचें दुकान उबुंटूंत आरंभीं बंद ठेवावें आणि ज्यास हवें त्यानें तें उघडावें, म्हणजे सगळी दलाली पूर्ववत् ग्नोमला, किंवा दुकान चालू राहील, पण दलालींतील ७५ टक्के कॅनॉनिकलला आणि २५ टक्के ग्नोमला. लेखकांनीं एकमतानें पहिला पर्याय पत्करला. तत्त्व राहावें, पैसा गेला तरी चालेल, असा त्यांचा हिशेब. परंतु त्यानंतर कंपनीनें आपलें मत बदललें आणि दुकान चालू ठेवून ७५ व २५ हीच वांटणी अमलांत आणावयाचें ठरविलें. त्याबरोबर आपल्या स्वतःच्या दुकानाच्या उत्पन्नांतूनहि चौथा हिस्सा ग्नोमला देऊं केला.

कायद्याच्या दृष्टीनें कंपनीचें कांहींच चुकलें नव्हतें. मुक्त प्रोग्रॅम घेऊन त्यांत वाटेल तो बदल करण्याचा हक्क बॅन्शीच्या परवान्यानेंच तिला दिलेला होता. शिवाय गिऱ्हाईक आणलें कोणीं, असा प्रश्न ती विचारूं शकत होती, आणि त्यांत तथ्यहि होतें. पण ज्यांनीं प्लेअर लिहिला, त्यांना पर्याय विचारावा, त्यांनीं एक निवडावा, आणि मग दुसराच अमलांत आणावा, हें सभ्यतेस धरून झालें असें म्हणवत नाहीं. रक्कम फार मोठी नसेल. पण आपल्या घरच्या भिक्षेकऱ्याच्या झोळींतून मूठभर काढून घेतल्यासारखें तें दिसलें, आणि दिसण्यालाहि सार्वजनिक कामांत किंमत असते. ठरीव जागेचें मोल किती, हें मात्र या प्रकरणानें सर्वांस कळून चुकलें. ज्या जागेसाठीं कोणी भाडें देत नाहीं आणि कोणी घेत नाहीं असें वाटत होतें, तिचें भाडें एकदम आंकड्यांत दिसूं लागलें.

एवढें होऊन बॅन्शी गादीवर टिकला किती दिवस? पुरतें एक वर्षहि नाहीं. ज्या एप्रिलांत तो उबुंटूंत आला, त्याच महिन्यांत त्याच्या आश्रयदात्याचें घर विकलें गेलें: नोव्हेल कंपनी ॲटॅचमेट या दुसऱ्या कंपनीनें घेतली. पाठोपाठ मे महिन्यांत मोनोच्या कामावरील मंडळींना नारळ मिळाला. त्यांनीं झमारिन नांवाची नवी कंपनी काढली, पण तिचें लक्ष मोबाइल फोनवर होतें. बॅन्शीचे लेखक पोटापाण्याच्या कामांत गुंतले आणि प्लेअरकडे पाहावयास पूर्वींइतका वेळ कोणापाशीं राहिला नाहीं. त्याच वर्षाच्या फेब्रुवारींत ग्नोमच्या खिडक्या-बटणें रेखाटणाऱ्या जीटीके या साधनाची तिसरी पिढी बाहेर पडली होती. रिदमबॉक्सनें तिच्याशीं जुळवून घेतलें. बॅन्शीला तें वेळेवर साधलें नाहीं.

नोव्हेंबर २०११ मध्यें त्याच ऑर्लँडोंत पुन्हां बैठक भरली. प्रश्न आतां १२.०४ या वितरणाचा होता आणि त्याचें महत्त्व विशेष होतें, कारण डेस्कटॉपसाठीं पांच वर्षें दुरुस्ती पुरविण्याचें वचन त्याबरोबर द्यावयाचें होतें. जो प्लेअर आज निवडावयाचा त्याची पांच वर्षें निगा कोण राखणार? बॅन्शीला सांभाळणारे हात कमी झालेले. जीटीकेच्या नव्या पिढीशीं त्याची गांठ अजून पडावयाची. एआरएम जातीच्या लहान संगणकांवर त्याची चाल अडखळे. आणि मोनोचा संसार काढला तर सीडींत जागा मोकळी होणार, हा वेगळा लाभ. बैठकीनें रिदमबॉक्सला परत बोलावलें. एप्रिल २०१२ मध्यें १२.०४ निघालें तेव्हां तो आपल्या जुन्या जागेवर होता. रिदमबॉक्स जिंकला तो सौंदर्यानें नव्हे. तो जागेवर हजर होता म्हणून जिंकला. बॅन्शीची शेवटची आवृत्ति २०१४ सालीं निघाली. ज्या दुकानावरून वांटणीचा वाद झाला, तें उबुंटू वनचें दुकानहि त्याच वर्षीं बंद पडलें. मोनोवर पेटंटची कुऱ्हाड मात्र शेवटपर्यंत पडली नाहीं. उलट मायक्रोसॉफ्टनें झमारिन २०१६ सालीं स्वतःच विकत घेतली, आणि २०२४ मध्यें मोनोचें पालकत्व वाइन नांवाच्या मुक्त प्रकल्पाकडे सोपविलें. इशारा देणाऱ्यांनीं धोका बरोबर ओळखला होता, पण तो आला दुसऱ्याच दारानें: कायद्याच्या नव्हे, माणसांच्या तुटवड्याच्या.

पेटंटचा खरा त्रास संगीताला झाला तो एमपी-थ्रीच्या बाबतींत. ही पद्धति ज्यांत विकसित झाली त्या फ्राउनहोफर या जर्मन संस्थेपाशीं व इतरांपाशीं तिचीं पेटंटें होतीं. म्हणून उबुंटू, फेडोरा आदि वितरणें एमपी-थ्री उलगडण्याचें साधन आरंभीं संचांत घालीत नसत. नवशिका मोठ्या हौसेनें गाण्यावर टिचकी मारी आणि गाणें न लागतां ‘साधन उपलब्ध नाहीं’ अशा अर्थाची पाटी पुढें येई. दोष दिला जाई प्लेअरला! फेडोरानें २०१६ च्या अखेरीस हें साधन संचांत घेतलें, आणि एप्रिल २०१७ मध्यें फ्राउनहोफरनें आपला परवाना-व्यवहारच आटोपता घेतला. आज ही अडचण इतिहासजमा झाली आहे.

आतां मराठी घराकडे वळूं या. आपल्याकडील संग्रहाचे कांहीं विशेष असे आहेत कीं, ते युरोप-अमेरिकेंतील प्लेअर-लेखकांच्या डोळ्यांपुढें सहसा नसतात. पहिला लिपीचा. गाण्याच्या फाइलींत गायक, गीत इत्यादि माहितीची चिठ्ठी खोंचलेली असते. एमपी-थ्रीसाठीं १९९६ च्या सुमारास जी पहिली चिठ्ठी निघाली तींत नांवाला अवघे ३० बाइट मिळत. रोमन अक्षराला एक बाइट पुरतो. देवनागरींतील प्रत्येक चिन्हाला, म्हणजे काना-मात्रेलाहि, आजच्या प्रचलित लेखनपद्धतींत तीन लागतात. ‘हिराबाई बडोदेकर’ हें नांव त्या चिठ्ठींत घालूं गेल्यास ‘हिराबाई बड’ एवढ्यावर तुटतें, आणि पुढें एका अक्षराचे तुकडे चौकोनासारखे उरतात. नंतरच्या चिठ्ठ्यांत ही कोंडी फुटली. ऑग आणि फ्लॅक यांत तर ती नव्हतीच. पण जुन्या फाइली घरोघर आहेत. म्हणून प्लेअर निवडतांना तो नवी चिठ्ठी आधीं वाचतो कीं नाहीं, आणि चुकलेली चिठ्ठी तेथल्या तेथें दुरुस्त करूं देतो कीं नाहीं, हें अवश्य पाहावें. रिदमबॉक्समध्यें ही दुरुस्ती करतां येते. अनेक गाणीं एकदम निवडून गायकाचें नांव एकदांच लिहिलें तरी चालतें.

दुसरा विशेष रकान्यांचा. ‘कलावंत’ आणि ‘संग्रह’ या दोन खणांत पाश्चात्य गाणें बरोबर बसतें. ‘संगीत मानापमान’मधील पद कोठें बसवावें? नाटक १९११ चें, पदें कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचीं, चाली गोविंदराव टेंब्यांच्या, गळा बालगंधर्वांचा. आणि त्याच पदाची नंतरच्या पांच गायकांची मुद्रिका निराळीच. येथें गायकास कलावंत, टेंब्यांस संगीतकार आणि नाटकास संग्रह असें मानून सगळ्या फाइली एकाच शिस्तीनें लिहिल्या, तर कोणताहि बरा प्लेअर त्या नीट लावून दाखवितो. रागाला मात्र स्वतंत्र खण नाहीं. पुष्कळ जाणकार तो ‘प्रकार’ या खणांत लिहितात, आणि मग यमन म्हटल्यावर घरांतले सगळे यमन एका रांगेंत उभे राहतात. ही युक्ति प्लेअरवर अवलंबून नाहीं, फाइल लिहिणाऱ्याच्या चिकाटीवर आहे.

तिसरा विशेष सलगतेचा. ख्यालाच्या सीडींत विलंबित व द्रुत हे दोन तुकडे करून ठेवलेले असतात, पण मैफलींत ते एकजीव असतात. दोहोंच्या मध्यें प्लेअरनें क्षणभर जरी दम घेतला तरी समेवर येतां येतां पाय घसरल्यासारखें होतें. याच्या उलट कांहीं प्लेअर एक गाणें विरवीत असतांनाच दुसरें वर चढवितात. सिनेमाच्या गाण्यांना तें शोभेल, ख्यालाला नाहीं. ही सोय ज्या प्लेअरांत असते त्यांत ती बंद करण्याची खूणहि असते. रागसंगीत ऐकणाऱ्यानें ती पहिल्याच दिवशीं शोधावी.

बदलाचा जाच काय असतो याचें दुसरें उदाहरण केडीई या डेस्कटॉपच्या घरांतलें आहे. तेथें अमारोक हा प्लेअर लोकांच्या फार आवडीचा होता. डिसेंबर २००८ मध्यें त्याची दुसरी पिढी निघाली. ती मुळापासून नव्यानें लिहिलेली असल्यामुळें जुन्या १.४ या आवृत्तींतील कित्येक सोयी तींत नव्हत्या. जुने चाहते इतके हळहळले कीं, त्यांच्यांतील कांहींनीं १.४ चा वारसा घेऊन २०१० सालीं क्लेमेंटाइन नांवाचा प्लेअर काढला. पुढें त्याचीहि गति मंदावली तेव्हां २०१८ मध्यें त्यांतून स्ट्रॉबेरी फुटला. खुद्द अमारोकची तिसरी पिढी २०२४ मध्यें अवतरली. दरम्यान कुबुंटू या वितरणानें २०२० पासून एलिसा या नव्या, साध्या प्लेअरला ठरीव केलें होतें. मुक्त प्रोग्रॅम सहसा मरत नाहींत, त्यांचे वंश चालतात; पण ठरीव जागा त्यांची वाट पाहत नाहीं.

अलीकडे प्रश्नाचें स्वरूपच पालटूं लागलें आहे. फाइली घरांत ठेवणारे कमी झाले. गाणें इंटरनेटवरून वाहत येतें आणि ब्राउझरमध्येंच वाजतें. हें ओळखून झुबुंटू या वितरणानें २०१६ च्या १६.०४ आवृत्तींत संग्रह सांभाळणारा प्लेअर काढून टाकला आणि त्याच्या जागीं दुसरा ठेवलाच नाहीं. पुढें २०२१ मध्यें त्यांनाहि रिदमबॉक्स घरांत घ्यावासा वाटला, ही गोष्ट बोलकी आहे. उबुंटूनें २०२३ च्या ऑक्टोबरांतील वितरणापासून आटोपशीर संच हाच ठरीव केला. रिदमबॉक्स हवा असेल तर बसवितांना मोठा संच निवडावा लागतो किंवा मागाहून आणावा लागतो. आणि ग्नोमच्या मंडळींनीं २०२५ च्या मार्चमध्यें डेसिबल्स नांवाचा एक लहानसा प्लेअर आपल्या मूळ संचांत घेतला. तो यादी ठेवीत नाहीं. एक फाइल घेतो, तिच्या आवाजाची लाट पडद्यावर काढतो आणि वाजवितो. म्हणजे ग्रंथपाल रजेवर गेला आणि वाजंत्री तेवढा राहिला. ज्यांच्या घरीं ध्वनिमुद्रणांचा संग्रह आहे त्यांना यापुढें ग्रंथपाल स्वतःच नेमावा लागणार, अशीं चिन्हें आहेत.

तो नेमणें अवघड नाहीं. डेस्कटॉपच्या मांडणीच्या पानावर ठरीव प्रोग्रॅमांची यादी असते, तेथें संगीतापुढें हवें तें नांव निवडावें. किंवा गाण्याच्या फाइलीवर उजवी टिचकी मारून ‘याच प्रोग्रॅमनें नेहमीं उघडावें’ अशा अर्थाची खूण करावी. ही निवड त्या माणसाच्या स्वतःच्या कप्प्यांतील एका लहान फाइलींत टिपली जाते. त्यामुळें एकाच संगणकावर वडिलांचा ठरीव प्लेअर एक आणि मुलीचा दुसरा असूं शकतो. एकाच्या निवडीचा दुसऱ्यास उपद्रव नाहीं. मात्र एमपी-थ्री, ऑग, फ्लॅक या प्रत्येक प्रकाराची नोंद निराळी असते. उजव्या टिचकीनें एकीची नोंद बदलली म्हणून बाकीच्यांची बदलतेच असें नाहीं.

जुना प्लेअर काढून नवा आणण्यापूर्वीं एवढी खबरदारी घ्यावी. चिठ्ठींतील मजकूर फाइलीबरोबर राहतो, त्यास धक्का लागत नाहीं. परंतु कोणतें गाणें किती वेळां ऐकलें, त्याला किती तारे दिले, आणि आवडत्या गाण्यांच्या ज्या याद्या वर्षानुवर्षें रचल्या, हें सगळें बहुधा प्लेअर आपल्या खासगी वहींत लिहितो, आणि एकाची वही दुसऱ्यास वाचतां येईलच असें नाहीं. रिदमबॉक्सच्या अशा दोन वह्या घरच्या कप्प्यांतील एका लपलेल्या खणांत असतात, एक गाण्यांच्या नोंदींची व एक याद्यांची. त्या आधीं नकलून ठेवाव्यात. याद्या तर एम-थ्री-यू या सर्वांस समजणाऱ्या साध्या रूपांत बाहेर काढतां येतात. एवढें काम अर्ध्या तासाचें आहे, आणि तें जुना प्लेअर अजून चालू असतांनाच करावें लागतें.